चारशे रबरी पावलं

२ तारीख, सोमवार

ही डायरी माझी नाही. म्हणजे आता आहे, पण पुठ्ठ्यावर एका नटबोल्टवाल्याचं नाव छापलंय. कंपनीत नवा नियम निघालाय: माल पुरवणाऱ्यांकडून भेट घ्यायची नाही, साधं पेनसुद्धा नाही. त्यामुळे आलेल्या डायऱ्या कपाटात गठ्ठ्याने पडून आहेत. त्यातली एक मी उचलली. भेट घेतली नाही, उचलली. फरक आहे.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखाच आहे. सकाळी मी फळ्यावर नोटीस लावली, ‘आज खुर्च्यांची मोजणी आहे. प्रत्येकाने आपापली खुर्ची घेऊन कॅन्टीनमध्ये हजर राहावे.’ खाली सहीच्या जागी नुसती एक वेडीवाकडी रेघ ओढली. अशी रेघ दिसली की कोणी विचारत नाही कोणाची ते. आमची कंपनी चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या बनवते, पण एवढ्या खुर्च्या एका वेळी पळताना मीही कधी बघितल्या नव्हत्या. हिशेबवाले साहेब तर खुर्चीवर बसून पायाने वल्हवत आले! त्यांना जागा करायला कॅन्टीनची लोखंडी बाकं सरकवली, आणि ती बाकं सरकवली की जी किंचाळी उठते ना, दाढा शिवशिवतात. सगळ्यांनी कानावर हात. मी दाराआड पोट धरून.

मग हं मॅडमनी बोलावलं.

हं मॅडम म्हणजे खरेदी खात्याच्या प्रमुख, माझ्या साहेब. त्या बोलत नाहीत, ‘हं’ म्हणतात. एक ‘हं’ म्हणजे भाव जास्त आहे. दुसरा म्हणजे अजून जास्त आहे. तिसरा म्हणजे ठरलं, लागा कामाला. भाव आधीच तळाला गेलेला असला तर पहिलाच ‘हं’ तिसरा. पुरवठादार बाहेरच्या बाकावर चहा पीत बसतात, आत जातात, ‘हं’ घेऊन बाहेर येतात आणि सरळ मशीन सुरू करतात. कागद मागाहून जातो. वर्षानुवर्षं असंच चाललंय म्हणे.

मला वाटलं, आज काही खरं नाही आपलं. त्या म्हणाल्या, “तुझं डोकं रिकामं असतं. भरायला दिलं पाहिजे.” उद्या मुख्य कार्यालयातून एक माणूस येतोय, नवी पद्धत घेऊन. ती सगळ्या पुरवठादारांना शिकवायचं काम माझं! शाळेच्या शेवटच्या बाकावरून सरळ बाहेर पडलेली मी, मास्तरीण होणार! आईला सांगितलं तर ती म्हणाली, “त्या बिचाऱ्यांचं कसं होणार.”

३ तारीख, मंगळवार

माणूस आला. गळ्यात ओळखपत्राचा रुंद पट्टा, त्यावर अजून दोन बिल्ले. मी नाव ठेवलं गळपट्टा.

पण पद्धत काय भन्नाट आहे! उलटा लिलाव. नेहमीच्या लिलावात भाव चढतो, इथे उतरतो. आम्ही वस्तू टाकायची, पुरवठादारांनी आपापल्या मोबाइलवरून भाव टाकायचा. दुसऱ्याचा भाव कोणालाच दिसत नाही, फक्त स्वतःचा नंबर दिसतो, पहिला, दुसरा, चौथा. नंबर घसरला की भाव अजून कमी करायचा. आणि घड्याळ संपत आलं असताना कोणी भाव टाकला की घड्याळ पुन्हा थोडं पुढे जातं. जुगारापेक्षा भारी! बाकावर बसणं बंद, चहा बंद.

“आणि नुसता भाव नाही बघायचा,” गळपट्टा म्हणाला. “माल वेळेवर येतो का, लांबून येतो का, ट्रक किती धूर सोडतो, सगळ्याला गुण. आणि इथून पुढे एकाच माणसावर अवलंबून राहायचं नाही. प्रत्येक वस्तूला दोन पुरवठादार.”

हं मॅडम म्हणाल्या, “हं.” यातला कितवा हं होता ते कळलं नाही.

पहिला खरा लिलाव तेवीस तारखेला. वस्तू, रबरी मुठी. खुर्ची ढकलायच्या दांड्यावर असतात त्या.

त्या मुठी आमचा मामा बनवतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साच्यात रबर दाबायचा एक प्रेस, मामा, मामी आणि दोन कामगार. दुसरं गिऱ्हाईक म्हणावं असं नाहीच. मी ते आधीच मॅडमना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. सगळ्यांना जे सांगशील तेच त्याला. एक शब्द जास्त नाही.”

५ तारीख, गुरुवार

आज वर्ग घेतला!! लहानपणापासून ज्यांना काका-मामा म्हणते ते सगळे समोर हातात मोबाइल धरून बसलेले. पत्रेवाले काका चष्मा विसरले म्हणून त्यांनी मोबाइल शेजाऱ्याच्या चष्म्यासमोर धरला.

मामा पहिल्या रांगेत. मी म्हटलं, “हिरवं बटण दाबलं की भाव जातो.”

“आणि परत घ्यायचा असला तर?”

“परत येत नाही, मामा.”

“मग हे तुझ्या मामीसारखं झालं. बोलून गेली की गेली.”

सगळा वर्ग हसला. संध्याकाळी कोणीतरी ते मामीला पोचवलं. मामाला जेवण वाढलं की नाही माहीत नाही.

९ तारीख, सोमवार

उद्या सरावाचा लिलाव. गळपट्टा म्हणाला, कुठलीही वस्तू टाक, फक्त खरी नको, नाहीतर लोक खरे भाव उघडे करतील. म्हणजे मलाच वस्तू बनवायची! तासभर पेन चावलं. मग लिहिलं:

‘टेबल-बाकाच्या पायात घालायचं रबरी पाऊल. माणसाच्या पावलासारखं. पाच बोटं, नखांसकट. डावं-उजवं वेगळं. नग चारशे.’

चित्रही काढलं. एका टेबलाला चार पावलं. दोन पुढे चाललीयत, दोन मागे. गळपट्ट्याने न बघताच पुढे ढकललं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हसून.

१० तारीख, मंगळवार

सराव झाला आणि काय झाला!

सगळे आपापल्या ठिकाणाहून जोडलेले. मोठ्या पडद्यावर आम्हाला नावं आणि नंबर दिसत होते, स्पीकरवर आवाज येत होते. सुरुवातीला मी साफ सांगितलं, “ऐका हं, ही वस्तू खोटी आहे. नुसता सराव आहे.” तेवढ्यात माझं ते चित्र पडद्यावर आलं आणि मला हसू फुटलं, मग दाबता दाबता शेवटचे शब्द नाकातून बाहेर पडले.

आणि मामा! अरे काय खेळला! घसरला की दाबला, घसरला की दाबला. घड्याळ संपायला आलं की पुन्हा दाबला. पत्रेवाले काका स्पीकरवर ओरडत होते, “अरे सोड की लेका!” मामा पहिला! गळपट्ट्याने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, “बघा मॅडम, हे गृहस्थ पहिले. झालं काम.” मॅडम दुसराच कसलातरी कागद वाचत होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, “हं.”

संध्याकाळी मामाकडे गेले. “काय खेळलास रे मामा! पण ते खोटं होतं बरं का, हवेत जाऊ नकोस.”

मामाने एक डोळा मिटला. “खोटं. हो हो. अगदी खोटं.” मग मामीकडे बघून दोघं हसले. मीही हसले. आमच्या घरात अभिनय कोणाला येत नाही.

१२ तारीख, गुरुवार

मामाने गंमतच केली. शेडमध्ये बोलावलं आणि मऊ मेणाचा ट्रे पुढे केला. म्हणाला, “पाय ठेव.”

“कशाला?”

“ठेव गं, विचारू नकोस. उजवा. आता डावा. बोटं पसर.”

माझा वाढदिवस जवळ आलाय. मापाच्या चपला करतोय वाटतं! मी काहीच न कळल्याचा चेहरा केला. मामी म्हणाली, “करंगळी बघ हिची, कशी आत वळलीय. स्वभावासारखी.” मामा म्हणाला, “राहू दे. ओळख पटते त्याने.”

१६ तारीख, सोमवार

धावपळ, मज्जा, धावपळ. सगळ्या पुरवठादारांची नव्या पद्धतीत मी एकटीने नोंद केली! गळपट्टा आता मला विचारून कामं करतो.

मामाकडे वळून बघायला वेळ नाही. त्याच्या शेडवरून गेले तर रबर भाजल्याचा वास गल्लीभर. प्रेस सारखा चालू. मुठींचा साचा तर बाहेर भिंतीला टेकून ठेवलेला दिसला. साफसफाई काढली असेल. आतून ओरडला, “आपलं ते काम जोरात आहे गं!” लिलावाची तयारी करतोय. घामाघूम, पण खुशीत. मी म्हटलं, “जोरात होऊ दे!”

१९ तारीख, गुरुवार

काय लिहू.

दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला, “ताई, खाली या. पाय आलेत.”

मला वाटलं कोणी माझीच फिरकी घेतोय. खाली गेले तर टेम्पो. टेम्पोत पोती. एक पोतं उघडं आणि त्यातून बोटं बाहेर आलेली. काळी रबरी बोटं, नखांसकट. पहारेकरी चार हात लांब उभा. आणि मामा, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, शेजारी मामी, हातात एक पाऊल असं धरलेलं जसं बाळ दाखवायला आणलंय.

मी पाऊल हातात घेतलं. करंगळी आत वळलेली.

“आधी दोनशे,” मामा म्हणाला. “उरलेले आठवड्यात. साचा करायला जरा वेळ लागला, पण बघ, नखाची चंद्रकोरसुद्धा आलीय.”

तोवर वरून सगळे उतरले होते. गळपट्ट्याने मोबाइल काढला आणि फोटो घ्यायला लागला. हसून हसून त्याचे बिल्ले वाजत होते. मी मामाला म्हटलं, “मामा, हे खोटं होतं. मी सांगितलं होतं ना तुला. दोनदा.”

“सांगितलंस की,” मामा म्हणाला. “तू जे जे खरं म्हणून सांगितलंस आजवर, त्यातलं काय खरं निघालं? नळाला सरबत येणार म्हणालीस, मी घागर घेऊन उभा राहिलो. या वेळी म्हणालीस खोटं आहे, आणि वर हसलीस. मी म्हटलं, म्हणजे खरं आहे. पोरगी सगळ्यांसमोर बोलू शकत नाही, मामाला खूण करतेय.”



आणि तो हं मॅडमकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “आणि मॅडम, तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

 गळपट्ट्याचं हसू थांबलं. मॅडमनी मामाकडे बघितलं, मग पावलाकडे. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हं आला नाही.

मामाने पोती परत नेली. उतरवू का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

आता कळतंय. मुठींचा साचा भिंतीला होता तो साफसफाईसाठी नव्हे. कच्चं रबर सगळं माझ्या पायांत गेलं.

२० तारीख, शुक्रवार

मामा फोन उचलत नाही. गेले तर मामी दारात. “सोमवारी लिलाव आहे म्हणतेस, तो खरा का खोटा?”

“खरा, मामी.”

“मागचाही तुझ्या मते खोटा होता, तो आम्ही खरा केला. आता हा खरा आहे म्हणतेस, तो आम्ही काय करायचा?” आत मामा पोत्यांवर बसलेला दिसला. माझ्याच पावलांवर. म्हणाला, “मी त्या बटणाला आता हात लावणार नाही. बोट लावलं की कोण हसतंय कळत नाही.”

त्याने भाव टाकला नाही तर मुठी गेल्या. मुठी गेल्या तर ती शेड कशावर चालणार? आई म्हणाली, “तुझ्यावर विश्वास ठेवायला तूच शिल्लक ठेवलं नाहीस काही.” आईचं असंच असतं, एका वाक्यात सोलते.

ऑफिसमध्ये हं मॅडमनी बोलावलं. मी राजीनाम्याची भाषा मनात जुळवत गेले. त्या म्हणाल्या, “सगळ्या पुरवठादारांना भेट किंवा फोन कर. प्रत्येकाला सांग, घरचा खर्च काढून एक आकडा ठरवा, त्याच्याखाली जाऊ नका. जो तोट्यात माल कबूल करतो तो मध्येच पळतो. मग आपल्या खुर्च्या मुठीविना उभ्या राहतात.” हे त्यांचं मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण. मग म्हणाल्या, “सगळ्यांना. म्हणजे तुझ्या मामालाही.”

२३ तारीख, सोमवार

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं तर बघा. (कोण बघणार? मीच.)

मामाला पुन्हा भेटायला जाण्याआधी इतर सगळ्यांना गाठलं. मामा शेवटी उरला होता. सकाळी ऑफिसला जाण्याआधीच शेडमध्ये गेले. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “मामा, आज लिलाव आहे. खरा आहे. एक आकडा ठरव, त्याच्याखाली जाऊ नकोस. बाकीच्यांनाही हेच सांगितलंय.” एवढंच. 

 मामा मामीला म्हणाला, “काय वाटतं?”

मामी जवळ आली. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. डॉक्टर बघतात तसा. म्हणाली, “हसत नाहीये. ओठाचा डावा कोपरासुद्धा हलत नाही. खरं आहे हो.”

माझा डावा कोपरा हलतो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी किती सहज पकडली गेले असते!

मग लिलाव. सुरू झाला की आम्ही कोणाशी बोलायचं नाही हा नियम. मी पडद्यासमोर, हं मॅडम शेजारी, गळपट्टा मागे येरझाऱ्या घालतोय. मामाचं नाव नाही. नाही. नाही. मग आलं! थेट दुसरा! मी टेबलाची कड एवढी घट्ट धरली की नखाचा वण उमटला.

पहिल्या नंबरवर दूरचा एक मोठा कारखाना होता. मामाने दाबलं, पहिला. कारखान्याने दाबलं, मामा दुसरा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. घड्याळ संपत आलं की कोणीतरी दाबायचं आणि घड्याळ पुढे! सरावात हेच बघून मी नाचले होते. आज खुर्चीला चिकटून बसलेय. तो जिंकण्यासाठी दाबतोय, मला त्याचा तो चेहरा माहीत आहे, पत्ते खेळताना होतो तसा. मी मनात म्हणतेय, थांब मामा, थांब, थांब ना रे. मी माझ्याच मामानं हरावं म्हणून प्रार्थना करत होते! कारखान्याने पुन्हा दाबलं. मामा दुसरा. घड्याळ उतरतंय. मामाच्या नावापुढे काही हलेना.

संपलं. मामा दुसरा.

मी धावतच शेडकडे गेले. मामा खुर्चीत, समोर मोबाइल, आणि मोबाइलवर एक रबरी पाऊल ठेवलेलं. हिरव्या बटणावर बरोबर अंगठा. वरून मामीचा हात दाबून धरलेला.

“आमचा आकडा आला,” मामी म्हणाली, “आणि तरी याचं बोट पुढे जायला लागलं. मग मी पाय दिला मधे.”

“आमचं ठरलंच होतं तसं,” मामा म्हणाला. मग हसायला लागला. गुरुवारनंतर पहिल्यांदाच. “करंगळी तुझी आत वळलेली आहे ना, ती माझ्या बोटात अडकली. सुटेचना.”

२५ तारीख, बुधवार

निकाल! भावात कारखाना पहिला, पण तो लांबचा, धुराचे गुण गेले, वेळेचेही थोडे गेले. आणि दोन पुरवठादारांचा नियम आहेच. कारखान्याला मोठा वाटा, मामाला धाकटा. पूर्वीएवढं काम नाही राहिलं, पण जे आहे ते तोट्याचं नाही. मामा म्हणतो, आता दुसरं गिऱ्हाईक शोधायलाच हवं. मामी म्हणते, “हे मी तुझं लग्न झाल्यापासून सांगतेय.” मामा म्हणाला, “तुझं म्हणजे? आपलं झालं ना लग्न?” झालं, पुन्हा सुरू.

गळपट्टा परत गेला. जाताना मला म्हणाला, “तुझ्या चित्राचा फोटो मुख्य कार्यालयात सगळ्यांना दाखवणार.” मी म्हटलं, “फोटो पावलाचा घ्या. ते जास्त चांगलं आलंय.”

२७ तारीख, शुक्रवार

आज कॅन्टीनमध्ये शिरले तर काहीतरी चुकतंय असं वाटलं. कळेना काय. मग हिशेबवाले साहेब बाकावरून उठले, बाक मागे सरकलं आणि आवाज आला नाही. दुसरं बाक सरकलं. आवाज नाही. सगळं कॅन्टीन जेवतंय, उठतंय, बसतंय, आणि किंचाळी नाही.

वाकून बघितलं. प्रत्येक बाकाला चार पावलं. माझी पावलं, सगळीकडे माझी करंगळी. दोन पुढे चाललीयत, दोन मागे. अगदी चित्रातल्यासारखी.

स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, “काल संध्याकाळी मॅडम स्वतः उभ्या राहून बसवून घेत होत्या. एक डावं-उजवं उलटं बसलं तर काढायला लावलं.”

वर पळाले. माझं टेबल! माझ्या टेबलालाही चार. चारही डावी. सगळे माना खाली घालून काम करतायत, इतकं मन लावून की मला लगेच कळलं सगळे सामील आहेत. टेबलावर एक कागद होता, मामाच्या नावाने खरेदीचा, अगदी खरा, सही-शिक्क्यासकट. ‘रबरी पाऊल, नग चारशे.’ तारीख मात्र दहाची. सरावाच्या दिवसाची.

मी केबिनच्या दारात गेले. “मॅडम, हे खरं आहे?”

मॅडमनी मान वर केली नाही. “हं.”

पण त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. मी बघितला. शपथ.